फरारबाईंची शाळा आणि आपली शाळा

बचत, पाणी, रेशन यांवर आपण या कार्यक्रमात नेहमीच बोलतो. आज शाळेवर बोलू, आणि तेही पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या एका शाळेवर. गरिबाघरच्या मुलींसाठी चर्चच्या पैशावर चाललेली ही शाळा नगरला होती. नगर म्हणजे अहमदनगर, आजचे अहिल्यानगर. शाळा चालवणाऱ्या बाईचे नाव सिंथिया फरार. दर 3 जानेवारीला आपण सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालतो. पण सावित्रीबाईंनी शिकवायला सुरुवात करण्याआधी नगरात मुलींच्या हातात पाटी देणाऱ्या या बाईचे नाव आपल्या तोंडी नसते.

ही गोष्ट सांगण्यामागे आमचा एक प्रश्न आहे. गटाच्या बैठकीत शाळेचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणते, "फुकट मिळतंय, मग जास्त कशाला बोलायचं?" पुस्तके फुकट, गणवेश फुकट, खिचडी फुकट. मग मुलींच्या संडासाला कडी नसली तरी आपण गप्प, आणि दोन वर्गांना मिळून एकच शिक्षक असला तरी गप्प. म्हणून आम्ही विचारतो, पैसे न भरता मिळणारी शाळा नक्की कुणाची असते? देणाऱ्याची की शिकणाऱ्याची? फरारबाईंच्या शाळेपासून आपल्या झेडपीच्या शाळेपर्यंतचा रस्ता पाहिला, की याचे उत्तर सापडते असे आम्हाला वाटते.

आधी त्या काळाकडे जाऊ. पेशवाई 1818 साली संपली आणि इंग्रजांच्या कंपनीचा अंमल सुरू झाला. त्याआधी गावात शाळा नव्हत्या असे समजू नका. पंतोजींच्या शाळा होत्या. देवळाच्या ओवरीत नाहीतर एखाद्या वाड्याच्या ओसरीवर मुले बसत, धूळपाटीवर अक्षरे गिरवत, पाढे आणि उजळणी घोकत, मोडी वाचायला शिकत. पंतोजींना कुणी धान्य देई, कुणी थोडे पैसे. 1829 साली कंपनी सरकारने मुंबई इलाख्याची मोजदाद केली, तेव्हा 1,700 च्या वर शाळा आणि 35 हजारांच्या वर विद्यार्थी निघाले. पण हे विद्यार्थी म्हणजे मुलगे, आणि तेही ब्राह्मण, वाणी, सोनार, थोडे सुखवस्तू कुणबी अशा घरांतले. महार, मांग, चांभार यांच्या मुलांना ओसरीची पायरीसुद्धा चढता येत नसे.

मुलींचे तर नावच नव्हते. एखाद्या शास्त्रीबुवांनी घरात लेकीला पोथी वाचायला शिकवली तर शिकवली. बाहेर मात्र पक्की समजूत होती की शिकलेल्या मुलीचा नवरा मरतो, बाईने अक्षर गिरवले तर नवऱ्याच्या ताटात अळ्या होतात. आज हसू येते. पण नऊ-दहा वर्षांची मुलगी सासरी जायची आणि विधवा झाली तर जन्मभर कोपऱ्यात बसायची, अशा काळात ही धमकी केवढी मोठी असेल, याचा विचार करा. गरिबाच्या मुलीला आणखी एक अडचण होती. ती लहानपणापासून कामाची होती. धाकट्या भावंडाला कडेवर घेणे, शेण गोळा करणे, सरपण आणणे, पाणी भरणे. तिला शाळेत पाठवायचे म्हणजे घरातले दोन हात कमी करायचे.

अशा वेळी अमेरिकेतले मिशनरी इथे आले. तिकडच्या चर्चच्या लोकांनी 1810 साली एक मंडळ काढले होते. परदेशात धर्मप्रचारक पाठवणे हे त्याचे काम. त्यांचे पहिले मिशनरी 1813 मध्ये मुंबईला उतरले. कंपनी सरकारला ते नको होते. धर्माच्या भानगडीने व्यापार बिघडेल, अशी कंपनीला धास्ती. शेवटी त्याच वर्षी इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा बदलला आणि मिशनऱ्यांना राहता आले. यालाच पुढे अमेरिकन मराठी मिशन म्हणू लागले. त्यांनी मराठी शिकून घेतली, मुंबईत छापखाना घातला, मुलांच्या शाळा काढल्या आणि 1824 मध्ये मुलींची शाळा सुरू केली.

त्यांचा हेतू काय होता, हे आडपडदा न ठेवता सांगायला हवे. माणसाने बायबल स्वतः वाचावे, अशी त्यांच्या पंथाची शिकवण. वाचायचे तर अक्षर यायला हवे, म्हणून शाळा. लोकांनी ख्रिस्ती व्हावे ही त्यांची इच्छा होती आणि त्यांनी ती लपवली नाही. पण त्यांच्या शिकवणीत बाईनेही वाचायलाच हवे, असे होते. त्यामुळे मुलींच्या शाळेचा विचार त्यांच्या डोक्यात आला. इथल्या पंतोजींच्या शाळांत तो येत नव्हता.

आता पैशाचे पाहू. हा खर्च कुण्या राजाने उचलला नाही. अमेरिकेत गावोगावच्या चर्चमध्ये वर्गणी जमे. तिथल्या बायकांनी त्यासाठी मंडळ्या केल्या होत्या. आठवड्याला एक सेंट, म्हणजे आपल्या हिशोबाने दमडी-पैसा, बाजूला टाकायचा आणि महिन्याने एकत्र करायचा. काही जणी हातमोजे विणून, कपडे शिवून ते पैसे देत. ऐकल्यासारखे वाटते ना? आपला बचत गट दुसरे काय करतो? शेतावर, घरात राबणाऱ्या साध्या बायकांची चिल्लर जहाजातून हजारो मैलांवर आली आणि त्यातून आपल्याकडच्या मुलींच्या पाट्या आल्या. ही माया खरी होती, तिला आम्ही कमी लेखत नाही. पण एक गोष्ट गाठीला बांधून ठेवा. देणाऱ्या बाईला घेणारी मुलगी कधी दिसली नाही, आणि घेणाऱ्या मुलीला देणारीला काही विचारायची सोय नव्हती.

फरारबाई याच मंडळाने पाठवलेल्या. जन्म 1795 चा, न्यू हॅम्पशायर नावाच्या प्रांतातल्या एका छोट्या गावातला. तिकडे त्या शिक्षिका होत्या. लग्न केले नव्हते. त्या काळी मिशनऱ्यांच्या बायका नवऱ्याबरोबर परदेशी जात, पण एकट्या बाईला समुद्रापार पाठवायला मंडळ कचरत होते. मुंबईच्या मुलींच्या शाळांवर पूर्ण वेळ लक्ष देणारी बाई हवी म्हणून अखेर त्यांना पाठवायचे ठरले. 1827 च्या उन्हाळ्यात त्या बोस्टनहून जहाजात बसल्या आणि डिसेंबरअखेर मुंबईला पोहोचल्या. वय 32. सहा महिने समुद्रावर, पुढे अनोळखी मुलूख, अनोळखी भाषा. त्यांनी मराठी शिकून घेतली आणि मुंबईतल्या मुलींच्या शाळांचे काम हाती घेतले. दहा वर्षांनी तब्येत फार बिघडली, तेव्हा त्या मायदेशी गेल्या. बरे वाटल्यावर परतल्या आणि 1839 पासून नगरला राहू लागल्या. मिशनने 1831 च्या अखेरीस नगरला ठाणे केले होते. पुढची 23 वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, फरारबाई नगरलाच होत्या.

त्यांच्या शाळा कशा चालत? मोठी इमारत, घंटा, मैदान असे काही डोळ्यांसमोर आणू नका. वस्तीत एखादी खोली किंवा ओसरी घ्यायची. शिकवायला इथलेच पंतोजी ठेवायचे, कारण शिकलेली बाई मिळणार कुठून? पंतोजी हिंदू असत, पगार मिशन देई. फरारबाई एका शाळेतून दुसऱ्या शाळेत फिरत, मुलींचे वाचन ऐकत, हजेरी बघत, घरोघर जाऊन आयांशी बोलत. वाचणे, लिहिणे, थोडे गणित, थोडा भूगोल आणि शिवणकाम असा अभ्यास असे, त्याबरोबर बायबलच्या गोष्टी आणि प्रार्थना. पुस्तके मराठीत, मिशनच्या छापखान्यातली. मुलींना फी नव्हती. येणाऱ्या मुली बहुतेक गरिबाघरच्या. मुलगी वाचायला लागते न लागते तोच तिचे लग्न होई आणि शाळा सुटे. शिक्षिकेने घातलेल्या टाक्याचा दोरा मधेच तुटावा, तसे दर वर्षी होत असणार. तरी बाई पुन्हा नव्या मुली गोळा करत.

या शाळेला दोन भये होती. एक घरच्यांना वाटणारे, दुसरे चालवणाऱ्यांना वाटणारे.

घरच्यांचे भय धर्माचे. मुलगी बाटेल, ही भीती काही कल्पनेतली नव्हती. 1839 साली मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेतल्या पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला. केवढा गहजब झाला! खटला कोर्टात गेला, आणि पालकांनी भराभर मुले काढून घेतली. एखादे धर्मांतर झाले की शाळा ओस पडायची, असे इलाख्यात ठिकठिकाणी होत राहिले. यात आईबापांना अडाणी म्हणून मोकळे होता येणार नाही. दुसऱ्याच्या पैशाने लेकरू शिकवायचे तर त्या पैशामागची अट आपल्याला मान्य आहे का, हे विचारायचा त्यांना हक्कच होता. पण विचारायला जागा नव्हती. त्यांच्या हातात दोनच गोष्टी होत्या, पोर शाळेत पाठवणे किंवा काढून घेणे.

चालवणाऱ्यांचे भय पैशाचे. 1837 साली अमेरिकेत बँका बुडाल्या, व्यापार बसला, लोकांच्या हातात पैसा राहिला नाही. मंडळाची वर्गणी आटली आणि मंडळाने परदेशातल्या मिशनांचा खर्च कापला. श्रीलंकेत जाफन्याला याच मंडळाच्या गावोगावी शाळा होत्या. तिथे एका फटक्यात कितीतरी शाळा बंद झाल्या आणि हजारो मुले घरी गेली. त्या मुलांनी काय केले होते? काहीच नाही. सातासमुद्रापलीकडची एक बँक बुडाली आणि इथल्या पोरांची पाटी फुटली.

आता गोष्ट पुण्याकडे वळते. जोतीराव फुले स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. 1848 च्या सुमारास ते सदाशिव गोवंडे या मित्राबरोबर नगरला गेले आणि तिथे त्यांनी फरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. जोतीराव तेव्हा विशीतले. इतक्या मुली पाटीवर लिहिताहेत, वाचताहेत, हे पाहून ते फार प्रभावित झाले. मुलींची शाळा काढायची प्रेरणा नगरच्या या शाळांतून मिळाली, असे पुढे त्यांनी स्वतः सांगितले आहे. त्याच वर्षी पुण्यात भिडे वाड्यात त्यांची मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंनी शिकवायचे शिक्षण नगरला फरारबाईंकडे आणि पुण्याला मिचेलबाईंच्या नॉर्मल शाळेत घेतले, असे त्यांच्या चरित्रांत लिहिलेले आहे.

इथे थोडे थांबू. पाहून आलेली गोष्ट फुल्यांनी जशीच्या तशी उचलली नाही. त्यांच्या शाळेत धर्मांतराचा हेतू नव्हता. शिकवणारी बाई साताऱ्याजवळच्या नायगावची, शेतकरी घरातली, आपल्यातलीच. तिने शिकवावे म्हणून ती आधी स्वतः शिकली. आणि शाळा कुणासाठी, याचे उत्तर त्यांनी फार रुंद केले. 1852 पर्यंत त्यांनी महार-मांग मुलांसाठीही शाळा काढली. ही शाळा बाहेरून आलेली नव्हती, म्हणून लोकांचा रागही जास्त होता. सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-चिखल फेकल्याची आठवण आपल्याला माहीतच आहे. परकी मडम शिकवते तर शिकवू द्या, तिच्याकडे पाठवायचे की नाही ते आपण ठरवू, असे म्हणता येत होते. आपलीच सून उंबरा ओलांडून शिकवायला निघाली, तेव्हा गावाला ते सोसवेना.

नगरचा आणि पुण्याचा धागा आणखी एका ठिकाणी जुळतो. अमेरिकन मिशनने 1842 मध्ये नगरला "ज्ञानोदय" नावाचे मराठी नियतकालिक काढले होते. 1855 साली त्यात एक निबंध दोन भागांत छापून आला. लिहिणारी मुक्ता, फुल्यांच्या शाळेतली 14 वर्षांची मांग समाजातली मुलगी. शाळेत तिला जेमतेम तीन वर्षे झाली होती. महार-मांगांना कसे छळले, त्यांच्या बायकांना बाळंतपणात डोक्यावर छप्परसुद्धा कसे नसते, आणि ज्या धर्मात एकाने सोसायचे आणि दुसऱ्याने भोगायचे, तो धर्म आपला कसा म्हणायचा, हे तिने थेट विचारले. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणी अक्षर गिरवले नव्हते, त्या घरातली ही पोर. तीन वर्षांची शाळा काय करू शकते, हे कुणी विचारले तर आम्ही मुक्ताचे नाव सांगतो. आणि हेही सांगतो की तिला शिकवले फुल्यांच्या शाळेने आणि छापले मिशनच्या कागदाने. इतिहासात कुणी एकट्यानेच सगळे केले, असे क्वचितच असते.

पण फुल्यांच्या शाळाही वर्गणीवरच चालत होत्या. पुण्यातले काही सुधारक, काही गोरे अधिकारी, थोडी सरकारी मदत असा तो पैसा होता. 1852 साली विश्रामबाग वाड्यात सरकारने जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार केला. पुढे पाच वर्षांत 1857 चा उठाव झाला. गोऱ्या लोकांच्या देणग्या आटल्या, सरकारने हात आखडला, चालवणाऱ्या मंडळींतही मतभेद झाले. 1858 पर्यंत मुलींच्या त्या सुरुवातीच्या शाळा बंद पडल्या. वीस वर्षांपूर्वी जाफन्याला जे झाले, तेच वेगळ्या कारणाने पुण्यात झाले. देणाऱ्याचे मन फिरले किंवा खिसा रिकामा झाला की गरिबाची शाळा बंद.

ही ठेच जोतीराव विसरले नाहीत, असे आम्हाला वाटते. 1882 मध्ये सरकारने शिक्षणाची पाहणी करायला हंटर कमिशन नेमले. त्यापुढे जोतीरावांनी लेखी निवेदन दिले. त्यात त्यांचा मुद्दा सरळ होता. सरकारची तिजोरी भरते ती शेतकऱ्याच्या घामाने, सारा आणि कर यांतून. त्या पैशातून वरच्या वर्गातल्या थोड्यांची कॉलेजे चालतात आणि ज्याने पैसा भरला त्याच्या पोराला अक्षरओळखही नाही. म्हणून प्राथमिक शिक्षण गावोगाव द्या, निदान 12 वर्षांपर्यंत सक्तीचे करा, मुलींच्या शिक्षणाकडे जास्त लक्ष द्या.

या निवेदनाने प्रश्नच फिरवला. तोवर गरिबाची शाळा म्हणजे कुणीतरी केलेला उपकार. जोतीराव म्हणाले, पैसा आमचाच आहे. आपण काडेपेटी घेतो, मोबाईलमध्ये रिचार्ज टाकतो, तेव्हा कर भरतोच. ज्या शाळेला आपण फुकटची म्हणतो, तिची फी आपण दुकानात भरून आलेलो असतो.

मग नगरच्या शाळेचे काय झाले? फरारबाई 1862 च्या जानेवारीत नगरलाच वारल्या. त्यांची माती तिथेच आहे. मिशनचे काम पुढे चालू राहिले. 1854 नंतर सरकारने खाजगी शाळांना अनुदान द्यायचे धोरण घेतले, त्याचा मिशनच्या शाळांनाही आधार झाला. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत महार आणि मांग समाजातली पुष्कळ कुटुंबे ख्रिस्ती झाली. त्यांच्या वस्त्यांत मिशनने लहान लहान शाळा काढल्या. अनेकदा नवरा-बायको दोघेही शिक्षक असत आणि राहायचे तिथेच शिकवायचे. वसतिगृहात शिकलेल्या मुलींतून शिक्षिका आणि नर्स तयार झाल्या. ज्या घरच्या बाईला पाण्यासाठी विहिरीच्या कडेला उभे राहून भीक मागावी लागे, त्याच घरची लेक वर्गात खुर्चीवर बसली. आपल्या भागातल्या जुन्या ख्रिस्ती घरांतल्या आजीबाईंना विचारा. शिकलेली सासू आणि शिकलेली आजेसासू त्यांच्याकडे इतरांच्या आधी होती.

याच शाळांची एक दुखरी बाजूही आहे. 1876-77 चा मोठा दुष्काळ आणि पुन्हा 1899-1900 चा दुष्काळ, या दोन्ही वेळी आपल्या भागात माणसे मेली, गुरे मेली, पोरे उघड्यावर पडली. मिशनने अशा अनाथ मुलांना घेतले, जेवू घातले, शिकवले, सुतारकाम आणि विणकाम असे हुन्नर दिले. ती मुले जगली, हे मोठेच काम. पण जगण्याबरोबर त्यांना नवा धर्म मिळाला आणि आपल्या गावाशी, नातेवाइकांशी असलेले नाते पुष्कळदा तुटले. भुकेल्या पोराला निवड करायला सांगणे ही निवड असते का? हा प्रश्न तेव्हाही लोक विचारत होते. आणि उलटा प्रश्नही विचारायला हवा. पोर रस्त्यावर पडले होते तेव्हा गावातले भरल्या घरचे लोक कुठे होते? हे दोन्ही प्रश्न आम्हाला खरे वाटतात. एकाने दुसरा खोडता येत नाही.

दानाची शाळा हक्काची व्हायला फार वर्षे लागली. कोल्हापूरला शाहू महाराजांनी 1917 मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत पाठवले नाही तर आईबापांना महिन्याला एक रुपया दंड ठेवला. दंडाचे ऐकून कडक वाटेल, पण त्यातला अर्थ पाहा. तुमचे पोर शिकते की नाही याची काळजी आता राज्याची आहे, ती कुणाच्या मर्जीवर सोडलेली नाही. स्वातंत्र्य आले, संविधान आले. 2002 मध्ये घटनादुरुस्ती होऊन 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. त्यासाठीचा कायदा 2009 मध्ये झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. जोतीरावांनी मागितले त्याला 128 वर्षे झाली होती.

या कायद्यात आपल्यासाठी एक कलम आहे, ते नीट ऐका. प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असायलाच हवी. समितीत चारांपैकी तीन सदस्य मुलांचे आईबाप असले पाहिजेत, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. शाळेचा विकास आराखडा ही समिती करते. आलेला पैसा कुठे खर्च झाला, ते पाहते. शाळा रोज नीट चालते की नाही, यावर लक्ष ठेवते. फरारबाईंच्या शाळेत आईला फक्त पोर पाठवता येत होते किंवा काढून घेता येत होते. आज तिसरी वाट आहे. समितीत बसायचे, हिशोब मागायचा, आराखड्यात मुलींचा संडास आणि पिण्याचे पाणी लिहून घ्यायचे.

आता प्रत्यक्षात काय होते तेही आपल्याला ठाऊक आहे. समितीत बायकांची नावे असतात, पण सही घ्यायला रजिस्टर घरी येते. बैठक कधी झाली ते सहीनंतर कळते. "ताई, इथं सही करा, काही नाही, रुटीन आहे." आणि आपण चुलीवरचा तवा सांभाळत सही करतो. हे सोडायला हवे. बचत गटाच्या वहीवर वाचल्याशिवाय आपण सही करत नाही, दहा रुपयांचा फरक आला तरी बैठक थांबवतो. तीच नजर शाळेच्या वहीवर गेली पाहिजे.

म्हणून या महिन्यासाठी गटांना चार कामे सुचवतो. आपल्या शाळेच्या समितीत कोणकोणत्या बायका आहेत, त्यांची नावे मुख्याध्यापकांकडून घ्या आणि गटाच्या बैठकीत वाचून दाखवा. त्यांतली एक जरी आपल्या गटातली असेल, तर पुढच्या समिती बैठकीला तिच्याबरोबर आणखी दोघी जा, ती एकटी पडू नये. शाळेचा विकास आराखडा पाहायला मागा, आणि वाचता येत नसेल तर आठवी-नववीतल्या लेकीकडून वाचून घ्या. शेवटचे काम, गावात कुठली मुलगी शाळेतून गळाली आहे, ते लिहा. ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेली, धाकट्याला सांभाळायला घरी राहिलेली, पाळी आल्यावर यायची बंद झालेली. तिचे नाव समितीच्या वहीत लिहून घ्यायला लावा. नाव लिहिलेले असले की विचारणा करता येते.

फरारबाईंचे आपल्यावर उपकार आहेत, हे मनापासून म्हणू. ज्यांनी आठवड्याला एक सेंट टाकला, त्या अनोळखी बायकांचेही आहेत. मात्र आपल्या लेकीची शाळा कुणाच्या उपकारावर चालत नाही. ती करातून चालते, कायद्याने चालते, आणि ती चांगली चालावी असे वाटत असेल तर आपल्याला तिथे जाऊन बसावे लागते. तुमच्या गावच्या समितीची बैठक कशी झाली, ते आम्हाला कळवा. पुढच्या भागात तुमच्याच तोंडून ऐकू.